आभाळ, नभ आणि हिटाइटांचं 'नेपिश' : एका शब्दाचा माग

पाटीपेन्सिल

"नेपिशत्सश्ता तर्हुन्नी आश्शुश एश्ता."

हिटाइट भाषेतला सर्वांत जुना समजला जाणारा मजकूर आहे, त्याच्या सुरुवातीचं हे वाक्य. कुश्शारचा राजा अनित्ता आपली कारकीर्द सांगतोय. काळ इ.स.पू. 18वं शतक, जागा आजच्या तुर्कस्तानचं मधलं पठार. मातीच्या पाट्या सापडल्या त्या हिटाइटांच्या राजधानीत, हत्तुशात, म्हणजे बोगाझकॉयच्या उत्खननात, आणि त्या नंतरच्या काळात केलेल्या नकला आहेत. अर्थ साधारण असा : आभाळातल्या वादळदेवाला तो प्रिय होता.

संस्कृत थोडंफार शिकलेल्या कुणालाही या चार शब्दांत दोन ओळखीचे चेहरे दिसतील. 'एश्ता' म्हणजे होता, आपला 'अस्' धातू. आणि 'नेपिश' म्हणजे आपलं 'नभस्'. बाकीच्यांत 'तर्हुन्नी' हे वादळदेवाचं नाव. हिटाइटमध्ये 'तर्हु' म्हणजे जिंकणं, वरचढ ठरणं. वेदातल्या 'तूर्वति'शी आणि पुढे 'तॄ' धातूशी, म्हणजे आपल्या तरणे-तारणेशी त्याचं नातं जोडतात. पण हा धागा मला 'नेपिश'साठीच काढायचा आहे, कारण हा शब्द जितका सरळ दिसतो तितका नाही.

अडचण अर्थाची आहे. संस्कृत, ग्रीक, लॅटिन, जर्मन, हिटाइट या सगळ्या एकाच इंडो-युरोपीय घराण्यातल्या भाषा. त्यांतले हे शब्द मांडून बघा. ग्रीक 'नेफोस', अर्थ ढग. होमर झ्यूसला 'नेफेलेगेरेता' म्हणतो, ढग गोळा करणारा. लॅटिन 'नेबुला', अर्थ धुकं, विरळ ढग. जर्मन 'नेबेल', अर्थ धुकं. आणि हिटाइट 'नेपिश'? निखळ आकाश. ढगासाठी त्यांच्याकडे 'अल्पा' असा वेगळा शब्द आहे, धुक्यासाठी 'कम्मारा'. तेलिपिनू देव रुसून निघून जातो त्या कथेत "कम्माराने खिडक्या धरल्या, धुराने घर धरलं" असं येतं. तिथे नेपिश वापरलेला नाही. नेपिश येतो तो 'तेकान'च्या जोडीला, म्हणजे पृथ्वीच्या. नेपिश आणि तेकान, आकाश आणि धरती. (तेकान हा संस्कृत 'क्षम्'चा सख्खा नातलग, तो विषय पुन्हा कधीतरी.) अनित्ताच हत्तुशा जिंकून उद्ध्वस्त करतो आणि शाप देतो, की माझ्यानंतर जो राजा हे शहर पुन्हा वसवेल त्याला 'नेपिशश' वादळदेव मारो. नेपिशश ही षष्ठी. संस्कृतात नभसः. प्रत्ययापर्यंत जुळणी आहे.

आता संस्कृत कुठे उभं आहे? बरोबर मध्ये. पाचव्या मंडलातलं पर्जन्यसूक्त घ्या : "दूरात्सिंहस्य स्तनथा उदीरते यत्पर्जन्यः कृणुते वर्ष्यं नभः." पर्जन्य नभाला पावसाळी करतो. हे नभ म्हणजे ढग की आकाश? दोन्ही अर्थ बसतात, आणि मला वाटतं ऋषीला ते वेगळे करायची गरजच वाटली नसेल. वैदिक महिन्यांची नावं आठवा. मधु-माधव वसंताचे, शुक्र-शुचि ग्रीष्माचे आणि 'नभस्-नभस्य' वर्षाऋतूचे. म्हणजे श्रावण-भाद्रपद. निरभ्र आकाशाच्या महिन्याला कुणी नभस् म्हणालं नसतं.

तर प्रश्न असा : मुळात हा शब्द ढगाचा होता आणि हिटाइटांनी त्याचं आकाश केलं, की मुळात आकाशाचा होता आणि ग्रीक-लॅटिनांनी त्याला खाली आणून धुक्यात गुंडाळलं? माझं मत पहिल्या बाजूला आहे, आणि त्याचा एक मोठा आधार मला मराठीतच दिसतो. पण आधी तुमचं ऐकायचं आहे.

---

सातारी_माती

ताई, आधार कुठला ते कळलं बहुतेक. आमच्याकडं माणदेशात 'आभाळ आलंय' म्हणजे ढग आलेत. आकाश कुठनं येणार, ते तर तिथंच असतंय. 'आभाळ निघून गेलं' असंही म्हणतात. ज्वारीची मळणी चालू असताना कुणी नुसतं 'आभाळ हाय' म्हणालं तरी कणसं झाकायची धांदल होते. हरभऱ्यावर अळी पडली, द्राक्षावर डावणी आली की 'आभाळानं केलं' म्हणतात. आणि त्याच तोंडानं 'आभाळात चांदण्या' पण म्हणतात, त्यात कुणाला काही चुकल्यासारखं वाटत नाही.

---

पाटीपेन्सिल

अगदी हेच, सातारी_माती! आणि नुसती अर्थाची सारखी चाल नाही, रक्ताचं नातं आहे. आभाळातला पहिला भाग 'अभ्र'. आणि अभ्र हा बहुतेक कोशकारांच्या मते नभस्च्याच मुळापासून निघालेला. मूळ धातूत 'न' आणि 'भ' यांच्यामध्ये स्वर असेल तर *नेभ् (* ही खूण अंदाजाने पुन्हा उभ्या केलेल्या रूपाची), तो स्वर गळला तर सुरुवातीचा 'न' स्वतःच स्वरासारखा उच्चारला जातो आणि संस्कृतात त्याचा 'अ' होतो. *न्-भ्-रो पासून अभ्र. लॅटिनमध्ये त्याच रूपाचं झालं 'इंबेर', अर्थ पावसाची सर.

अवांतर : खगोलशास्त्रात ज्याला 'नेब्युला' म्हणतात त्याला मराठी विश्वकोशात 'अभ्रिका' म्हटलंय. लॅटिन नेबुला आणि संस्कृत अभ्र एकाच मुळाचे. ज्यांनी हा शब्द घडवला त्यांनी ढगाचा अर्थ बघून घडवला असणार, पण जोडी अचूक जमली.

---

शंकासुर

लेख आवडला, पण एक मूलभूत शंका. बोगाझकॉयलाच तो प्रसिद्ध तह सापडला ना, ज्यात मित्र, वरुण, इंद्र, नासत्य यांची नावं आहेत? मग सरळ असं का म्हणू नये की नेपिश हा शब्द आपल्या नभस्वरूनच तिकडे गेला? इतका फेरा कशाला?

---

पाटीपेन्सिल

शंकासुर, प्रश्न योग्य आहे आणि त्याचं उत्तर ध्वनींमध्ये आहे, म्हणून जरा सविस्तर.

तह आहे तो हिटाइट राजा पहिला शुप्पिलुलिउमा आणि शेजारच्या मितान्नी राज्याचा शत्तिवाझ यांच्यातला, इ.स.पू. 14व्या शतकातला. ते देव मितान्नीच्या बाजूच्या साक्षीदारांत येतात. मितान्नीच्या राज्यकर्त्या वर्गात भारतीय-आर्य भाषेचा अंश होता याबद्दल वाद नाही. तो अंश हिटाइटांच्या दप्तरात आणखी एका जागी दिसतो : किक्कुली नावाच्या मितान्नी अश्वशिक्षकाच्या ग्रंथात. घोड्यांना किती फेऱ्या मारायला लावायच्या याचे शब्द तिथे आहेत, 'ऐकवर्तन्ना', 'पंझवर्तन्ना', 'सत्तवर्तन्ना'. एक, पाच, सात फेऱ्या.

आता 'पंझ' नीट बघा. पंच. ग्रीकमध्ये पाचाला 'पेंते', तिथे 'ए' आहे. संस्कृतात मूळचे 'ए', 'ओ', 'अ' हे तिन्ही ऱ्हस्व स्वर एक होऊन 'अ' झाले, म्हणून पंच. तेव्हा भारतीय-आर्य भाषेतून उसना आलेला शब्द हिटाइट पाटीवर 'अ' घेऊनच येतो. नभस् उसना गेला असता तर तिथे 'नपश' किंवा 'नबश' दिसायला हवा होता. दिसतो 'नेपिश', ग्रीक 'नेफोस' आणि लॅटिन 'नेबुला'सारखा 'ए' धरून. संस्कृताने जो स्वर हरवला तो हिटाइटने राखला आहे. हरवलेली वस्तू उसनी देता येत नाही.

शिवाय अनित्ताचा मजकूर त्या तहापेक्षा काही शतकांनी जुना आहे. दोन्ही भाषा एका आजीच्या नाती आहेत, एक दुसरीची मुलगी नाही.

---

शंकासुर

'ए' चा मुद्दा पटला. पंझ आणि नेपिश शेजारी ठेवल्यावर स्पष्ट दिसतं. धन्यवाद.

---

व्याकरणवेडी

मला 'प' खटकतोय. संस्कृतात भ, ग्रीकमध्ये फ, लॅटिनमध्ये ब. हिटाइटमध्ये प का? मूळ ध्वनी 'प' नव्हता हे कशावरून?

आणि दुसरं, हिटाइटच्या जवळच्या नात्यातल्या लुवियन भाषेत आकाशाला 'तप्पश' म्हणतात असं वाचलंय. हा नेपिशचाच भाऊ असेल तर सुरुवातीला त कुठून आला, आणि प दुप्पट का?

---

जुना_वाचक

यातल्या पहिल्या भागाचं उत्तर मी देतो, कारण हा माझ्या आवडीचा नियम आहे.

हिटाइट लिपिक 'पा' आणि 'बा' यांची चिन्हं अदलाबदल करून वापरत, तेव्हा नुसत्या अक्षरावरून प की ब ते ठरत नाही. पण अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ स्टर्टव्हंट यांनी एक गोष्ट हेरली. दोन स्वरांच्या मध्ये ज्या ठिकाणी मूळचा प, त, क असतो तिथे लिपिक व्यंजन दुप्पट लिहितात. जिथे मूळचा ब, द, ग किंवा भ, ध, घ असतो तिथे एकेरी. 'कित्त' म्हणजे पडलेला आहे, संस्कृत 'शेते'. तिथे त, म्हणून दुप्पट. 'वातर' म्हणजे पाणी, संस्कृत 'उदक'. तिथे द, म्हणून एकेरी. आता नेपिश कसा लिहितात? ने-पि-इश. प एकेरी. म्हणजे मूळचा प असू शकत नाही, ब किंवा भ असला पाहिजे. संस्कृतातला भ त्यात अगदी चपखल बसतो.

साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या लिपिकाने व्याकरणाची एक ओळही न लिहिता हा भेद जपला, याचं मला फार अप्रूप आहे.

---

व्याकरणवेडी

मग लुवियन 'तप्पश'मध्ये दुप्पट प आहे, तर या नियमाने तिथे मूळ प ठरेल! दोन्ही एका मुळाचे कसे?

---

पाटीपेन्सिल

याच अडचणीतून पुढचा नियम निघाला. स्लोव्हेनियाचे बोयान चोप यांनी दाखवलं की लुवियनमध्ये ऱ्हस्व, आघात असलेल्या 'ए' पुढे एकेरी व्यंजन आलं की तो 'ए' बदलून 'अ' होतो आणि व्यंजन दुप्पट होतं. मधाचा शब्द बघा. हिटाइट 'मिलित', ग्रीक 'मेली', लुवियन 'मल्लित'. ल दुप्पट. तीच चाल *नेभेस्ला लावली की '-अप्पश' मिळतं. तेव्हा तप्पशमधला दुप्पट प लुवियनच्या घरात नंतर झालेला आहे, मूळचा नाही.

राहिला सुरुवातीचा त. न जाऊन त/द येण्याला दुसरीकडे एक ठळक जोड आहे : लिथुआनियन 'देबेसिस', अर्थ ढग. शेजारच्या लाटव्हियनमध्ये 'देबेस', अर्थ आकाश. तिथेही न हवा तिथे द आहे. पुढे ओठाचा 'भ' येत असताना सुरुवातीचा नासिक्य न कधीकधी टिकत नाही, त्याची जागा त्याच जागेवरचा द घेतो. आणि पुन्हा बघा, दोन सख्ख्या शेजारी भाषांत एकीकडे ढग, दुसरीकडे आकाश!

शब्दाच्या सुरुवातीचा न डळमळीत असतो हे आपल्याला नवीन नाही. संस्कृत 'निंब', हिंदी 'नीम', पण मराठीत कडु'लिंब'. संस्कृत 'लांगल', मराठीत 'नांगर'. 'ललाट'चं निढळ झालं, तेच निढळाच्या घामातलं. हिटाइटमध्ये खुद्द 'नाम' या शब्दाचं 'लामन' झालंय. लुवियनांनी न चा त केला, एवढंच.

---

भुईनळा

म्हणजे लुवियन आणि लिथुआनियन यांचं खास जवळचं नातं होतं असं म्हणायचं का? दोघांनीही तोच बदल केला म्हणून?

---

जुना_वाचक

नाही, भुईनळा. लिंब आणि लामन दोन्हींत न चा ल झाला म्हणून मराठी आणि हिटाइट जवळच्या ठरत नाहीत, तसंच हे. असे बदल तोंडाच्या सोयीने कुठेही, कधीही होतात. नातं ठरवायला असे सुटे बदल चालत नाहीत, अनेक शब्दांतून नियमाने आलेले बदल लागतात. शिवाय हिटाइट आणि लुवियन एकाच अनातोलियन (म्हणजे प्राचीन तुर्कस्तानातल्या) शाखेच्या, आणि हिटाइटमध्ये न शाबूत आहे. म्हणजे हा बदल शाखा फुटल्यानंतर लुवियनमध्येच झाला.

---

प्रागकर

उशिरा आलो धाग्यावर, पण राहवलं नाही. इथे चेक भाषेत आकाशाला 'नेबे' म्हणतात. रशियनमध्ये 'न्येबो'. म्हणजे स्लाव्ह भाषाही हिटाइटांच्या बाजूला, थेट आकाश! आणि धुक्याला चेकमध्ये 'म्ल्हा' म्हणतात. तो शब्द संस्कृत 'मेघ'च्या मुळाचा आहे. म्हणजे आपला मेघ इथे खाली उतरून धुकं झालाय आणि जर्मनांचं धुकं इथे वर चढून आकाश झालंय.

बेद्रिख ह्रोझनी यांचं नाव या धाग्यावर यायलाच हवं. हिटाइट भाषा वाचली ती या चेक माणसाने. 24 नोव्हेंबर 1915 रोजी बर्लिनमध्ये त्यांनी जाहीर व्याख्यानात सांगितलं की ही भाषा इंडो-युरोपीय आहे. ज्या वाक्याने त्यांना वाट सापडली ते हे : "नू निंदा-अन एझ्झातेनी, वातर-मा एकुतेनी." भाकरीचं सुमेरी चिन्ह माहीत होतं, 'एझ्झा' खाण्याचा धातू असावा असं वाटलं (अद्, जर्मन एस्सेन), आणि 'वातर' तर पाणीच. भाकरी खाल आणि पाणी प्याल. महायुद्धानंतर ते प्रागच्या चार्ल्स विद्यापीठात शिकवत होते. ज्यांच्या मातृभाषेत आकाश म्हणजे 'नेबे', त्यांच्या डोळ्यांना 'नेपिश' किती ओळखीचा वाटला असेल!

पण पाटीपेन्सिल ताई, माझा कल तुमच्या उलट आहे. हिटाइट आणि स्लाव्ह, इतक्या लांबच्या दोन शाखांत आकाश हाच अर्थ असेल, तर तोच मूळ अर्थ का नसावा?

---

जुना_वाचक

+१ प्रागकर. माझाही हाच मुद्दा होता. अनातोलियन शाखा मूळ खोडापासून सर्वांत आधी फुटली असं बहुतेक अभ्यासक मानतात. सर्वांत आधी घर सोडलेल्या मुलीने जो अर्थ बरोबर नेला तो जुना असण्याचा संभव जास्त. ढगाचा अर्थ उरलेल्यांनी नंतर केला असेल.

---

पाटीपेन्सिल

दोघांचाही मुद्दा वजनदार आहे आणि मी त्याला टाळणार नाही.

आधी गेली म्हणून तिचं सगळंच जुनं, असं होत नाही. वेगळं झाल्यावर तिनेही आपल्या घरात बदल केलेच. तेव्हा बघायचं हे, की हिटाइटला आकाशासाठी नवा शब्द शोधण्याची गरज पडली होती का. आणि इथे पुरावा बोलका आहे.

मूळ भाषेत आकाशाला, म्हणजे उजळलेल्या आकाशाला शब्द होता : *द्येउस्. संस्कृत द्यौः, ग्रीक झ्यूस. या शब्दाचं अनातोलियामध्ये काय झालं? हिटाइटमध्ये त्याचा 'शीउश' झाला आणि अर्थ झाला देव. त्याच मुळाचा 'शीवत्त' म्हणजे दिवस. लुवियनमध्ये 'तिवत्स' म्हणजे सूर्यदेव. मराठीतले देव आणि दिवस त्याच मुळाचे आहेत. म्हणजे हिटाइटमध्ये हा शब्द देवघरात गेला, दिनदर्शिकेत गेला, पण आकाशाची जागा त्याने सोडली. जागा रिकामी झाल्यावर कोण येणार? वर बघितल्यावर जे दिसतं ते, *नेभेस्.

प्रागकर, स्लाव्ह भाषांतही द्येउस् आकाशाच्या अर्थाने उरलेला नाही, आणि तिथेही जागा नेबोने घेतली. संस्कृतात द्यौः आकाशाच्या अर्थाने ठाम उभा होता, म्हणून नभस्ला ढगातून पूर्ण बाहेर पडायची निकड वाटली नाही. तो दोन्हीकडे वावरत राहिला. ग्रीकमध्ये झ्यूस देव झाला, पण आकाशासाठी त्यांनी 'उरानोस' हा निराळाच शब्द घेतला, म्हणून नेफोस ढगच राहिला. प्रत्येक घरात नभस्चं काय झालं ते द्येउस्चं काय झालं यावर अवलंबून आहे. मूळ अर्थ आकाश मानला तर मूळ भाषेत आकाशाला दोन शब्द आणि ढगाला हा शब्द नाही, असं धरावं लागतं. मग ग्रीक, लॅटिन, जर्मन आणि श्रावणाचं वैदिक नाव, या सगळ्यांनी तो ओल्या बाजूला का नेला याचं वेगवेगळं कारण द्यावं लागेल.

आणि अभ्र, इंबेर हे त्याच मुळाचे भाऊ ढगाचे नि पावसाचेच आहेत. मुळात ओल आहे.

---

गोंयकार

पाटीपेन्सिल ताई, तुमच्या बाजूने गोव्यातून एक साक्ष. मराठीत 'मळभ' म्हणजे आकाश झाकोळून टाकणारे ढग. आमच्या कोंकणीत 'मळब' म्हणजे चक्क आकाश! 'मळबार नखेत्रां' म्हणतात, आकाशात तारे. ढगांना आमच्याकडे 'कुपां' असा वेगळा शब्द आहे, त्यामुळे मळब मोकळं झालं. अगदी हिटाइटांच्या अल्पा आणि नेपिशसारखं.

सिंधुदुर्गातून खाली येताना पत्रादेवीला हद्द ओलांडली की त्याच शब्दातले ढग जातात आणि आकाश उरतं.

---

पाटीपेन्सिल

गोंयकार दादा, याहून चांगलं उदाहरण मला मिळालं नसतं. मनापासून आभार. मळभच्या शेवटचा 'भ' अभ्रातलाच असावा असं मलाही वाटतं. दोन सख्ख्या शेजारी भाषा, एकच शब्द, एकीत ढग आणि दुसरीत आकाश, आणि हा फरक पडायला सहस्रकं लागलेली नाहीत. लिथुआनियन-लाटव्हियन जोडीही तीच. ढगातून आकाश ही वाट इतकी सोपी असेल तर हिटाइट आणि स्लाव्ह त्या वाटेने आपापले, एकमेकांना न विचारता गेले हे मानायला अडचण नको. उलट दिशेचं, निखळ आकाशाच्या शब्दाचा ढग झाल्याचं इतकं ठसठशीत उदाहरण कुणाकडे असेल तर जरूर द्या. खरंच हवं आहे.

---

प्रागकर

उलट दिशेचं मला सुचत नाही. द्येउस्ने जागा सोडल्याचा मुद्दा विचार करायला लावणारा आहे. तरी शाखा आधी फुटल्याचा मुद्दा मी अजून पूर्ण सोडत नाही.

---

भुईनळा

एक साधा प्रश्न. या सगळ्या पाट्यांत नेपिश म्हणजे आकाशच, स्वर्ग किंवा दुसरं काही नाही, हे इतक्या खात्रीने कसं कळतं? आणि लुवियनचं काय, ती तर चित्रलिपीत आहे ना?

---

जुना_वाचक

हिटाइटांनी मेसोपोटेमियाच्या लिपीसोबत सुमेरी चिन्हंही घेतली. एकाच मजकुराच्या दोन नकलांत एका ठिकाणी नेपिश अक्षरांनी लिहिलेला आणि दुसरीकडे त्याच जागी आकाशाचं सुमेरी चिन्ह, असं आढळतं. त्याने अर्थ पक्का होतो. आकाश आणि स्वर्ग असा भेद त्यांच्या भाषेत नाही. देव राहतात ते आणि पाऊस पडतो ते एकच.

लुवियन दोन्ही लिप्यांत मिळते. तप्पश क्युनिफॉर्ममधला, म्हणजे मातीच्या पाट्यांवरच्या खिळ्यांसारख्या खुणांच्या लिपीतला, चित्रलिपीतल्या शिलालेखांत तो 'तिपस' असा दिसतो, आणि त्याआधी आकाशाचं अर्धगोल चिन्ह असतं. सगळ्यांत मोठा आधार कारातेपेचा. दक्षिण तुर्कस्तानात 1946 साली हेल्मुट बोसर्ट आणि हालेत चांबेल यांना तिथे द्वैभाषिक लेख मिळाला, एकच मजकूर फिनिशियन आणि लुवियनमध्ये. अझातिवाद नावाच्या अधिपतीचा, इ.स.पू. 8व्या शतकातला. शेवटच्या शापात लुवियनमध्ये आकाशाचा तर्हुन्त्स (तोच वादळदेव) येतो, तिथे फिनिशियनमध्ये 'बआल शमेम'. शमेम म्हणजे आकाश, हिब्रू 'शामयिम'. शंकेला जागाच उरत नाही. अनित्ताच्या पहिल्या वाक्यातला आकाशाचा वादळदेव जवळपास हजार वर्षांनी, दुसऱ्या भाषेत, दुसऱ्या लिपीत, त्याच विशेषणासह पुन्हा भेटतो.

---

सातारी_माती

वाचतोय. सगळं समजलं असं नाही म्हणणार, पण आभाळ एवढं जुनं आहे हे आवडलं. वाऱ्याचं काही आहे का तिकडं?

---

पाटीपेन्सिल

आहे, आणि फार सुंदर आहे. वाऱ्याला हिटाइट शब्द 'हुवन्त्स'. लॅटिन 'वेंतुस', इंग्रजी 'विंड', संस्कृत 'वात' हे त्याचे नातलग. वाहणारा, अशी मूळ घडण. यातला सुरुवातीचा 'ह' बघा, तो बाकी कुठेच नाही. सोस्यूर या तरुण विद्यार्थ्याने 1879 सालच्या प्रबंधात असं मांडलं होतं, की मूळ भाषेत काही ध्वनी असले पाहिजेत जे पुढच्या सगळ्या ज्ञात भाषांत नाहीसे झाले. तेव्हा हिटाइट वाचलीच गेली नव्हती. ती वाचल्यावर 1927 मध्ये पोलिश भाषाशास्त्रज्ञ कुरिलोविच यांनी दाखवलं की सोस्यूरने नुसत्या हिशोबाने सांगितलेला ध्वनी हिटाइट पाट्यांवर 'ह' म्हणून उघड लिहिलेला आहे.

वातमध्ये असा आणखी एक ध्वनी मधोमध होता. तो गेला, पण खूण सोडून गेला : ऋग्वेदात काही ठिकाणी छंद बसवायला 'वात' दोन अक्षरांऐवजी 'वअत' असा तीन अक्षरांचा म्हणावा लागतो.

हिटाइट लिपिक वाऱ्यासाठी बरेचदा 'इम्' हे सुमेरी चिन्ह काढत. त्याच चिन्हाआधी देवाची खूण लावली की वादळदेव होतो. दोन्ही ठिकाणी खरा उच्चार लपलेला, आणि तो कळतो फक्त मागे जोडलेल्या शेवटच्या अक्षरांवरून : 'इम्-अन्त्स' असेल तर हुवन्त्स वाचायचं, देवाच्या खुणेसह '-उन्नी' असेल तर तर्हुन्नी. अनित्ताच्या त्या पहिल्या वाक्यातही देवाचं नाव असंच लिहिलेलं आहे, चिन्ह आणि पुढे 'उन्-नी'. नेपिश मात्र तिथे पूर्ण अक्षरांत लिहिलाय, म्हणून त्याचा 'ए' आणि एकेरी 'प' आपल्याला दिसू शकला.